बेडकीचं इंजन

“काप की, धैर्या. नुसता बघत काय उभारलायस?”

इंगवले बाई बेडकीच्या उघड्या बॉनेटपाशी उभ्या होत्या आणि हातातल्या छत्रीच्या टोकानं मला इंजनामागचा पत्रा दाखवत होत्या. चौथीत असताना याच बाई याच थाटात भिंतीवरच्या नकाशात मला कोयना दाखवायच्या. तेव्हाही मी असाच तोंड उघडं टाकून उभा राहायचो.

“बाई, कापणं अवघड नाही,” मी म्हणालो. “पण एकदा कापलं की कापलं. तुम्हांला हवंय ते दोन लिटरचं इंजन या जागेत मावायचं नाही. मागचा पत्रा काढायचा, गिअरबॉक्सवरचा मधला बोगदा रुंद करायचा, बॉनेटला वरनं भोक पाडायचं. मग ती बेडकी राहणार नाही.”

“मग काय होईल?”

“दुसरंच काहीतरी होईल.”

“होऊ दे. चढली म्हणजे झालं.”

ही गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. कोल्हापुरात, उद्यमनगरात, माझं आणि मुबारकभाईंचं भागीदारीतलं गॅरेज होतं. मुबारकभाई वयानं माझ्या वडिलांएवढे, वजनानं माझे वडील अधिक मी. इंजनाचं काम त्यांच्याकडे आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलण्याचं माझ्याकडे, असा आमचा करार होता. बाईंपुढे मात्र माझं गोड बोलणं आटायचं.

बेडकी म्हणजे बाईंची गाडी. विलायती, उघड्या टपाची, दोनच माणसांची, अंगानं हिरवीगार आणि पुढं दोन बटबटीत दिवे. हे नाव तिला गावानं ठेवलं होतं. बाईंचे वडील एका जहागीरदारांकडे ड्रायव्हर होते. जहागीरदार गाव सोडून गेले तेव्हा ही गाडी त्यांनी ड्रायव्हरलाच देऊन टाकली आणि ड्रायव्हरनं ती आपल्या एकुलत्या एका मुलीला शिकवली. बाई शाळेत यायच्या त्या बेडकीतनं. फाटकाशी तिचा आवाज आला की अख्खा वर्ग खिडकीला लटकायचा. मी गॅरेजच्या धंद्यात पडलो याचा दोष माझी आई शेवटपर्यंत बाईंनाच देत होती.

बाईंचे यजमान म्हणजे अण्णा इंगवले. शाहूपुरीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस मितभाषी, हसरा आणि यंत्राच्या बाबतीत पार ढ. बेडकी सोडा, त्यांना सायकलसुद्धा धड येत नव्हती. कुठंही जायचं तर बाई चालवायच्या आणि अण्णा डावीकडे मांडीवर डबा घेऊन बसायचे.

डिसेंबरात त्यांच्या लग्नाचा वाढदिवस असायचा. दरवर्षी त्या दिवशी दोघं बेडकीतनं पन्हाळ्याला जायची, गडावर पिठलं-भाकरी खायची आणि उतरत्या उन्हात परत यायची. एक भानगड मात्र ठरलेली होती. गडाच्या नाक्याच्या अलीकडे शेवटचं चढाचं वळण आहे, तिथं जांभळाचं झाड आहे म्हणून त्याला जांभळीचं वळण म्हणतात. तिथवर सुरळीत येणारी बेडकी त्या वळणावर गुदमरायची, आचके द्यायची. मग अण्णा उतरायचे. एकट्या बाईंना घेऊन गाडी चढायची. अण्णा मागनं पायवाटेनं धापा टाकत यायचे आणि गडावर रुमालानं मान पुसत म्हणायचे, “चला, पोचलो एकदाचे.”

आदल्या वर्षी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. वाचा राहिली, पण डावा हात आणि डावा पाय गेला. त्या डिसेंबरात बेडकी घरातनं बाहेर पडलीच नाही.

“आता हे उतरणार कसे, सांग,” बाई म्हणाल्या. “म्हणून मोठं इंजन. दोघांना घेऊन थेट वर गेली पाहिजे.”

“बाई, टॅक्सी करू की. मी स्वतः घेऊन जातो तुम्हांला.”

“टॅक्सीनं दवाखान्यात जातो मी रोज.” आमच्याकडच्या बायका ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात, पुण्याचे पाहुणे दचकतात. “ह्यांना एकदा माझ्या शेजारी बसवून गडावर न्यायचंय मला. पहिलं वर्ष सोडलं तर इतक्या वर्षांत एकदाही शेवटपर्यंत बरोबर गेलो नाही आम्ही. डॉक्टरांनी पुढचं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. डिसेंबर तेवढा माझ्या हातात आहे.”

मग त्यांनी छत्री पुन्हा पत्र्यावर आपटली.

मला बाईंचं म्हणणं पटत होतं, पण गाडी कापवत नव्हती. जिल्ह्यात तशी दुसरी गाडी नव्हती. तिचा एकेक बोल्ट मूळचा होता. म्हटलं, आधी दुखणं काय आहे ते तर बघू. दुसऱ्या दिवशी मी मुबारकभाईंना शेजारी बसवलं आणि बेडकी पन्हाळ्याच्या रस्त्याला लावली. जांभळीचं वळण आलं, मी दुसरा गिअर टाकला. बेडकी गुणगुणत वर गेली. मी परत खाली आणली, वळणावर थांबवली, उभ्या चढावरनं सोडली. पुन्हा गेली.

“हिला काय बी झालं न्हाई,” मुबारकभाई म्हणाले. “मला घिऊन चढली म्हंजे अख्खं वऱ्हाड घिऊन चढंल.”

मी आनंदानं बाईंच्या घरी गेलो. बाई दारातच होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “खोटं बोलायला कधीपासून शिकलास?”

“शपथ बाई! दोनदा चढली. मुबारकभाई होते बरोबर.”

“तुम्ही दोघं गेलात की चढते, आणि आम्ही दोघं गेलो की अडते. ती काय माणसं ओळखते व्हय रे? तुला कापायचं नाही म्हणून गोष्टी रचालायस.”

मी गप्प बसायला हवं होतं. पण हुशारी नडली. मी म्हणालो, “बाई, तसं नव्हे... वळणाच्या आधी दुसरा गिअर टाकायला कदाचित उशीर होत असेल. तुम्ही जरा आधीच...”

बाईंचा चेहरा असा झाला की मी एक पाऊल मागं सरलो.

“मला गिअर शिकवतोस?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. हळू आवाज वाईट, हे चौथीतल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. “तुझा बाप हाफचड्डीत होता तेव्हा मी ही गाडी आंबा घाटातनं उतरवली आहे. रात्रीची. पावसात. माझा बाप शेजारी झोपला होता, इतका त्याला माझा भरवसा होता. आणि तू मला गिअर शिकवतोस?”

“चुकलं बाई.”

“दसऱ्याला काप. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त आहे. आता एक अक्षर बोलायचं नाही.”

गॅरेजवर येऊन मी मुबारकभाईंपुढं कुरकुर केली. ते एका ठोकलेल्या जपानी गाडीचं ते मोठं इंजन पुसत होते. म्हणाले, “गिऱ्हाईक म्हणतंय काप, तर कापायचं. तू काय बेडकीचा बाप हाईस? बाईचा नवरा मोठा का पत्रा मोठा?”

मी खडूनं बेडकीच्या पत्र्यावर कापायच्या रेघा मारल्या आणि तिच्यावर चादर टाकली. तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी उद्यमनगरात हत्यारांची पूजा असते. लेथपासून पान्यापर्यंत सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळद-कुंकू वाहायचं, झेंडू घालायचा आणि मग दिवसभर हत्याराला हात लावायचा नाही. एखादा नट ढिला झाला तर बोटानं आवळा, पण पाना उचलायचा नाही. आमच्याकडे हार मुबारकभाई स्वतः ओवायचे, त्यांच्या हातचा हार कधी तुटत नसे. लाल कापडावर पाने, हातोडे, जॅक मांडले होते आणि मधोमध ग्राइंडर, जो उद्या बेडकीला लावायचा होता. शेजारी स्टँडवर ते मोठं इंजन नवरदेवासारखं हार घालून बसलं होतं.

दुपारी प्रसादाला बाई आल्या. रिक्षातनं अण्णांना आणलं होतं. मुबारकभाईंनी त्यांना उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं. अण्णा वाळले होते, तोंड एका बाजूला किंचित ओढलं गेलं होतं, पण चष्म्यावरनं बघायची सवय तीच होती. त्यांनी पूजा बघितली, मला बघितलं, मग त्या इंजनावर नजर ठरली.

“हे कुणाचं?” त्यांचे शब्द सावकाश यायचे.

“आपलं,” बाई म्हणाल्या, आणि इतका वेळ दाबून धरलेलं हसू त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. “तुम्हांला सांगितलं नव्हतं मुद्दाम. उद्या बेडकीत बसवायला घेणार. डिसेंबरात दोघं थेट वर. उतरायचं कामच नाही.”

मला वाटलं अण्णा खूश होतील. अण्णांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “जुनं... चालत नाही?”

“चालतं की अण्णा, आम्ही परवाच...” बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उरलेलं वाक्य प्रसादाच्या पेढ्याबरोबर गिळलं.

अण्णांनी बेडकीवरच्या चादरीकडे बोट केलं. मग म्हणाले, “आज जाऊन येऊ. जुन्यावर. शेवटचं.”

“आज? आणि वळणावर अडकलो म्हणजे?”

“धैर्यशील येईल. मागनं.”

बाई नाही नाही म्हणत होत्या. पण अण्णांनी आयुष्यात हट्ट असा कधी केलाच नव्हता, त्यामुळं तो मोडायचा कसा हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुबारकभाईंनी चादर ओढली, अण्णांना पोरासारखं उचललं आणि डाव्या सीटवर बसवून पंच्यानं सीटला अलगद बांधलं. बाईंनी पदर खोचला आणि स्टार्टर मारला. मी मोटारसायकल काढली, मुबारकभाई मागं बसले आणि आमची वरात निघाली.

बाई कशा चालवतात हे मी तोवर मागनं कधी पाहिलं नव्हतं. घाट लागला आणि मी मनातल्या मनात कान पकडले. वळणाच्या बरोबर आधी गिअर पडत होता, हिसका म्हणून नाही. त्यांना गिअर शिकवायला निघालेला मी मोटारसायकलवर त्यांना गाठताना हैराण झालो होतो.

जांभळीचं वळण आलं आणि बेडकीनं पहिला आचका दिला.

मग दुसरा. मागच्या नळीतनं काळा धूर निघाला आणि भपकन आमच्या तोंडावर आला. कच्च्या पेट्रोलचा वास होता. मुबारकभाई माझ्या खांद्यावरनं पुढं वाकून ओरडले, “आरं, ह्यो तर चोकचा वास!”

खरं होतं. थंडीत सकाळी गाडी चालू करताना चोक ओढला की येतो तोच वास. पण हे इंजन तर चांगलं तापलेलं होतं; त्यात चोकचं जादा पेट्रोल गेलं की ते गुदमरतंच. तापल्या इंजनाचा कोण चोक ओढेल? मी मोटारसायकल बेडकीच्या डाव्या अंगाला घेतली. दार कमरेएवढं, आतलं सगळं दिसत होतं. बाईंची नजर रस्त्यावर होती. अण्णांचा धडधाकट उजवा हात आधाराला धरावं तसा पुढच्या फळीखाली गेला होता आणि मुठीत चोकचा दांडा होता. पुरा बाहेर ओढलेला.

गाडी आचका देऊन थांबली. बाईंनी हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात विजय.

“बघितलंस? आता बघितलंस न्हवं? मी खोटं बोलत होतो व्हय? म्हणून म्हणत होतो काप!”

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी चोक सोडला होता आणि तोच हात अंगावरनं पलीकडे नेऊन दाराची कडी उघडली होती. दार उघडलं. अण्णा उतरायला निघाले आणि पाय हललाच नाही. ते आपल्या डाव्या पायाकडे बघत राहिले, गिऱ्हाइकानं दुकानात विसरलेल्या वस्तूकडे बघावं तसे. इतक्या वर्षांची सवय हाताला आठवली होती, पायाचं विसरायला झालं होतं.

“अहो, काय करताय? पडाल!” बाईंनी त्यांचा दंड धरला.

अण्णांनी दार ओढून लावलं. मग हात पुढं नेऊन चोकचा दांडा आत ढकलला. खट् असा आवाज झाला. बाईंना गाडीतला प्रत्येक आवाज पाठ होता. त्यांची नजर दांड्यावर गेली.

“हा कुणी ओढला होता?”

“मी.”

“आत्ता?”

“आत्ता. आणि दरवर्षी. उतरताना हळूच आत ढकलायचो.”

मी मोटारसायकल बंद केली. खरं तर आम्ही तिथनं बाजूला व्हायला हवं होतं. पण चढावर गाडी उभी, अडचण कोण सांभाळणार, असं निमित्त काढून दोघंही उभे राहिलो.

“कशाला?” बाईंनी विचारलं.

अण्णांना बोलायला वेळ लागला. मध्येमध्ये ते थांबत होते, आणि बाई एरवी त्यांचे शब्द पुरे करायच्या तशा आज करत नव्हत्या.

“पहिल्या वर्षी दोघं वर गेलो होतो. आठवतं? नाक्यावर चौघं-पाचजण उभे होते. माझी पाठ थोपटली त्यांनी. म्हणाले, ‘वा इंगवले, बायकोला झकास तयार केलंत. तुम्ही शेजारी होता म्हणून, नाहीतर हे वळण काय बाईमाणसाचं काम!’ मी सांगत होतो, मला सायकल येत नाही. कुणी ऐकलं नाही. हसले. त्यांना वाटलं विनोद केला.” त्यांनी दम घेतला. “तू त्या दिवशी जेवली नाहीस.”

“पिठलं होतं,” बाई पुटपुटल्या. “ताटात वाळून गेलं.”

“म्हटलं, मी शेजारी असलो की गाडी माझीच होणार. मग पुढल्या वर्षीपासून उतरायला लागलो. एकटी वर गेलीस की कुणाची जीभ रेटणार नाही. आणि रेटली नाही.”

खरं होतं. गडावर बेडकी आली की लोक ‘बाई आल्या’ म्हणायचे. आमच्या गावातल्या कितीतरी पोरी पुढं गाडी चालवायला शिकल्या त्या बाईंना बघून. माझी बायकोही.

“मला सांगायचं होतं की,” बाई म्हणाल्या.

“सांगितलं असतं तर उतरू दिलं असतंस?”

“नाही.”

“मग झालं तर.”

“आणि उन्हातनं पायी? धापा टाकत?”

अण्णांच्या तोंडाची एक बाजू हसली. “पायवाटेवरनं तू दिसायचीस. इथनं नाक्यापर्यंत. शेजारी बसलं की नुसता तुझा कान दिसतो, कुमुद.”

बाई रडल्या. लपवलंबिपवलं नाही, स्टिअरिंगवर डोकं टेकून रडल्या. मुबारकभाईंनी जांभळाच्या झाडाकडे तोंड फिरवलं आणि मला दरडावलं, “तिकडं काय बघालायस? झाड बघ.”

थोड्या वेळानं बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि बेडकीच्या पुढच्या फळीवर हात फिरवला. “किती वर्षं मी हिला नावं ठेवली! दम नाही, दम नाही. बिचारीनं एकदा तोंड उघडलं नाही.” मग मान न वळवता मला हुकूम सुटला. “धैर्या, उद्याचं कापणं रद्द. गेलास की त्या इंजनाचा हार काढ.”

“आज नाही काढता येत बाई, पूजा आहे. उद्या काढतो.”

“उद्या काढ. पण काढ.” त्या अण्णांकडे वळल्या. “आणि तुम्ही. चोकला हात लावाल तर बघा. हात मांडीवर.”

अण्णांनी हात मांडीवर ठेवला, वर्गातल्या पोरासारखा.

बेडकी सुरू झाली. उभ्या चढावर, भर वळणात, मागं एक इंचही न सरकता बाईंनी ती उचलली आणि ती गुणगुणत वर निघाली, दोघांना घेऊन. मी मागं होतो. बाईंचा खोचलेला पदर सुटून अण्णांच्या खांद्यावर उडत होता आणि तो बाजूला सारायला त्यांनी हात उचलला नाही.

नाक्यावर पावती फाडणारा नवा माणूस होता. तिशीतला असेल. उघडी हिरवी गाडी बघून तो खोपटातनं पळतच बाहेर आला, तिच्याभोवती एक चक्कर मारून डाव्या दाराशी थांबला. बाईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तरी तो वाकून अण्णांनाच म्हणाला, “लई भारी गाडी काका! आजीबाईंस्नी फिरवायला काढली व्हय?”

बाईंची मान ताठ झालेली मला मागनं दिसली.

अण्णांनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि त्यावरनं त्या माणसाकडे पाहिलं. घाई केली नाही. एकेक शब्द नीट जुळवून बाहेर काढला.

“गाडी ह्यांची. चालवली ह्यांनी. मला फिरवायला काढलंय.”

तो माणूस खजील झाला, डावीकडनं वळसा घालून उजवीकडे गेला आणि पावती बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती न बघताच अण्णांच्या मांडीवर ठेवली, जिथं दरवर्षी डबा असायचा.

“काय खाणार?” त्यांनी गिअर टाकत विचारलं.

“पिठलं,” अण्णा म्हणाले.